पलीकडचे खोरे

त्या राज्यात न्याय उंबराच्या शेंड्यावर राहत असे. खाली खोऱ्याखोऱ्यांत बगळे निवाडे करीत. त्यांचा निकाल पटला नाही, तर उंबर गाठायचा. शेंड्यावर मोजकी म्हातारी घुबडे, आणि तक्रारी पाचोळ्यासारख्या. म्हणून रीत अशी पडली होती, की ज्याचे जे मोडले असेल त्याचा तुकडा त्याने बुंध्याशी ठेवावा, खारींनी तो वर न्यावा आणि चार घुबडांनी मान वळवली तरच गाऱ्हाणे ऐकावे. मान का वळली नाही, हे विचारायची सोय नव्हती.

टिटवीने अंड्याचे कवच आणले होते. ती चरायला गेली असताना म्हशींच्या कळपाने तिचे घरटे तुडवले. बगळ्यांनी निकाल दिला, की नदीकाठ म्हशींचाच. बगळे म्हशींच्या पाठीवर बसूनच निवाडे करीत, पण हे बोलून दाखवायची पद्धत नव्हती. टिटवीला आता पुन्हा अंडी घालायची होती आणि त्या वाळूखेरीज तिला दुसरी जागा नव्हती.

कवच वर गेले आणि तसेच खाली आले. बुंध्याशी असल्या तुकड्यांचा ढीग साचला होता. उंबराला त्याचे खत चांगले होई.

"माझी अंडी चिरडली, हे खोटं आहे का?" टिटवीने विचारले.

म्हातारी खार कळवळली. "खोटं कोण म्हणतंय, बाई? पण खाली चूक झाली की नाही, हे वर बघतच नाहीत. एकाच गोष्टीचे दोन खोऱ्यांत दोन निकाल लागले, की माना वळतात. तुझं रडणं एकाच खोऱ्याचं. पलीकडचे बगळे जरा मऊ आहेत. तिथं कुणाची अंडी फुटली, तर ये परत."

टिटवी डोंगर ओलांडून गेली. नुसते बघून येऊ, असे तिने मनाला बजावले, तरी तिला स्वतःची लाज वाटत होती.

पलीकडच्या वाळूत एक तरुण टिटवी अंड्यांवर बसली होती. पाहुणी बघून तिला हायसे वाटले. "बरं झालं आलीस, ताई. सकाळपासून घशाला कोरड पडलीय. मी पाणी पिऊन येते, तेवढं लक्ष ठेव."

ती गेली. थोड्या वेळाने चढावरून म्हशी उतरू लागल्या. टिटवी ओरडली की कळप बुजतो आणि वाट बदलतो, हे त्या राज्यात सगळ्यांना ठाऊक होते.

टिटवीने चोच उघडली. मग हळूच मिटली.