कौसाबाईंचा होकार

"पण भंते, मी त्यांच्या तोंडी एक शब्दही घातला नाही. मग माझं चुकलं कुठं?"

भंते शीलवंत विहाराच्या अंगणात चीवर वाळत घालत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

प्रज्वल नांदेडात पॉडकास्ट चालवायचा. राजकारण, समाज, जातपात... जे बोलायला लोक कचरतात, ते तो माइकसमोर बोलायला लावायचा. ऐकणारे लाखांनी होते, आणि त्याचा तोराही त्याला होता. त्याच्या कार्यक्रमात कुणी अडखळत नसे. ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून पाहुण्यांचे उसासे, खाकरणं, मधलं थांबणं, सगळं तो नेमानं कापून टाकायचा.

कौसाबाईंचंही कापलं.

गावच्या दंगलीत या बाईंचा तरणाताठा मुलगा मारला गेला होता. प्रज्वलनं विचारलं, "मारणाऱ्यांना माफ कराल?" बाई तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हो."

एपिसोडमध्ये मात्र प्रश्न संपतो न संपतो तोच 'हो' आला.

गाव म्हणालं, म्हातारीला पोराचं काहीच नव्हतं. सुनेनं तर ऐकल्या ऐकल्या लेकराला काखोटीला मारलं आणि माहेर गाठलं. आता त्या घरात कौसाबाई एकट्या.

"मूळ रेकॉर्डिंग सुनेला ऐकव," भंते म्हणाले.

"पुसून टाकलं. कापून झालं की पुसतोच मी..."

"मग?"

"माफीचा एपिसोड केला. सगळा खुलासा केला त्यात."

वरातीमागून घोडं. सुनेनं तो ऐकला नाही, गावानंही नाही. भांडण ऐकायला जग गोळा होतं, माफी ऐकायला कोण रिकामं बसलंय?

"पॉडकास्ट बंद करतो, भंते. कायमचा."

"त्यानं सून परत येईल?"

"...नाही."

भंतेंनी चीवराची घडी दोरीवर सारखी केली.

"तुला धाकटा भाऊ आहे ना?"

"आहे."

"उद्या त्याला कुणी ठेचून मारलं. मारणाऱ्याला माफ करशील?"

प्रज्वलनं तोंड उघडलं.

...

गावोगावच्या माणसांना प्रश्न विचारून भंडावणारा हा गडी, पण त्याच्या जिभेवर शब्द येईना. डोळ्यांसमोर भाऊ आला. मग कौसाबाईंचा तो पदर आला.

भंतेंनी घाई केली नाही. ओट्यावर बसून ते त्याच्याकडे बघत राहिले.

...

"सांगता येत नाही," शेवटी तो म्हणाला. त्याला रडू आवरेना. "भंते, बाईंचं त्या दिवशी काय काय होऊन गेलं असेल हो... आणि मला वाटलं, नुसता वेळ जातोय."

त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"आता ते कुठून आणू मी?"

"कौसाबाईंकडं गेला होतास?"

"गेलो होतो. पाया पडलो. म्हटलं, माई, तुमचं घर मी मोडलं. मला माफ करा."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. जमिनीकडं बघत बसून राहिल्या. मी थांबलो... थोडा वेळ थांबलो. मग मला ते सोसेना. उठून आलो."

भंतेंनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले.

"पुन्हा कापलंस त्यांना," ते म्हणाले.