रैहानचं नाव घ्यायचं नाही!

दर्याकाठी एक राणी होती. तिच्या दरबारात हबशी वाजंत्री. त्यांचे पणजे आफ्रिकेतून गलबतात बसून आलेले. त्यांनी ढोल घुमवला की झुंबराचे लोलकसुद्धा टुणटुण नाचायचे!

त्यांच्यातलीच एक सुंबुल. एवढीशी पोर, फाटका परकर. तिचे अब्बा दरबारात पहिला ढोल वाजवायचे. ते वारले, आणि त्यांची गादी न् ढोल मिळाला कुणाला? चुलतभाऊ रैहानला! वर हिरवी जरीची टोपी. सुंबुलला काय, तर बागेला पाणी घालायची घागर. मग जळणार नाही तर काय? अशी जळायची, अशी जळायची, की तिच्यावर भाकरी भाजून निघाली असती.

पण जीव मऊ. एकदा डाळिंबाची कळी सुकलेली दिसली, तर स्वतःचं प्यायचं पाणी तिनं कळीला पाजलं. कळी उमलली, आणि आतून अंगठ्याएवढी परी! लाल झगा, पंखांवर सोनेरी टिकल्या.

"तीन इच्छा माग गं चिमणे. अट एकच. ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव घ्यायचं नाही."

"हात्तिच्या! मला रैहानपेक्षा मोठी टोपी दे!"

"गेली एक."

"अगं बाई! बरं, अब्बांची गादी दे. त्या रैहानला उठव तिथनं!"

"गेली दुसरी."

सुंबुलनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि ती पळाली.

राणीच्या वाढदिवसाला दरबार भरला. वाजवायच्या आधी ढोलाचं चामडं निखाऱ्यावर शेकतात, म्हणजे आवाज खणखणीत येतो. रैहाननं घाईघाईत ढोल फारच जवळ धरला. फट्ट! चामडं फाटलं.

अंगणात घागर घेऊन उभ्या सुंबुलला अस्सं हसू फुटलं! तेवढ्यात रैहान ढोलाला मिठी मारून रडायला लागला. "चाचा, तुमचा ढोल मला नाही हो सांभाळता आला."

अब्बा गेले तेव्हाही तो असाच रडला होता. टोपीकडे बघता बघता सुंबुल ते विसरूनच गेली होती.

"परी, रैहानचा ढोल सांध!" बोलली आणि जीभ चावली. नाव घेतलं! गेली तिसरीपण!

पण चामडं सर्रकन सांधलं. घागरीच्या काठावर परी बसलेली, पाय हलवत.

"अगं, नाव घेतलं की मी!"

"ज्याचा हेवा वाटतो त्याचं नको म्हटलं होतं. आता कुठं वाटतोय?"

परी खुदकन हसली. डाळिंबी उजेड पसरला आणि ती त्यात विरघळली.

रैहाननं सुंबुलला ओढून गादीवर बसवलं. "ढोलाला दोन तोंडं आहेत. एक तुझं, एक माझं. चल!"

असं वाजवलं दोघांनी, की राणीनं सुंबुललाही टोपी घातली. लालचुटुक, आणि जरा जास्तच चमचमणारी.

रैहान तिरक्या डोळ्यानं बघत होता बरं का! आता डाळिंबाखाली जायची पाळी त्याची.