वांग्याच्या पानातल्या तीन वाती

ऐका शिंपिणीबाई, तुमची कहाणी. आटपाट गाव होतं, गावाला एक महादेव होता, महादेवाशेजारी द्वारकाबाईंचं घर होतं. घरात लेक केशव, सून मथी. लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा काही हलेना. मग द्वारकाबाईंनी महादेवाला नवस केला, "घरच्या देवकापशीच्या लाख वाती वळीन, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तुझ्यापुढं उजळीन, मला नातवंड दे."

मग काय केलं? कापूस वेचला, सरकी काढली, वर्षभर वाती वळल्या. आषाढात लाख भरल्या, झाडावर एक बोंड उरलं नाही. शेवटच्या शंभर वाती दमट राहिल्या, म्हणून सुपात घालून पडवीत ठेवल्या. मथीला राखणीला बसवलं.

पहिल्या दिवशी मोजल्या, एक कमी. दुसऱ्या दिवशी मोजल्या, दोन कमी. तिसऱ्या दिवशी मोजल्या, तीन कमी. द्वारकाबाईंनी माळा पाहिला, कोठी पाहिली, केशवाची टोपीसुद्धा झटकली. परसातला वांग्याचा वाफा तेवढा राहिला. चातुर्मासात वांगं खायचं नाही, मग तिकडं जायचं कशाला?

मग मथीला विचारलं, "वाती कुठं गेल्या?"

"मला ठाऊक नाही, सासूबाई."

"मग तूच घेतल्यास."

मथी म्हणाली, "तीन वाती घेऊन मी काय करू, कानात घालू?"

झालं. सासूचा पारा चढला. "वाती सापडेपर्यंत माहेरी राहा." मथीनं बोचकं बांधलं, डोळे पुसले, गेली. केशव ओटीवर सुपारी कातरत बसला होता. तो कातरतच राहिला.

मग वीस दिवस गेले. पाणी कुणी भरावं? द्वारकाबाईंनी. भांडी कुणी घासावी? द्वारकाबाईंनी. खरकटं कुणी टाकावं? तेही द्वारकाबाईंनी. एके सकाळी खरकटं घेऊन परसात गेल्या, तो वांग्याच्या वाफ्यातून एक पाखरू अंगावर आलं. अंगठ्याएवढं अंग, शेपटी वर, आवाज मात्र दवंडीवाल्याचा. वाकून पाहतात तर काय? वांग्याचं पान कडेला कड लावून शिवलेलं, टाके नीट घातलेले, आणि फटीतून वातीचं टोक लोंबतंय. आत तीन पिल्लं, उघडीवाघडी, देवाच्या वातींवर निजलेली.

द्वारकाबाईंनी हात पुढं केला. तशी ते पाखरू, पान शिवणारी शिंपीण, म्हणाली, "बाई, बाई, पान उसवू नको. पिल्लं उडाली की तुझ्या वाती ने."

"वाती महादेवाच्या आहेत. मला नातवंड हवंय."

शिंपीण म्हणाली, "नातवंड मागतेस आणि सून माहेरी धाडतेस. महादेवानं एकट्यानं करावं तरी काय?"

द्वारकाबाई वाफ्याशीच बसल्या. बसल्या त्या बघतच राहिल्या. आई अळी आणी, बाप अळी आणी. पिल्लानं घाण केली की बाप ती चोचीत धरी, लांब नेऊन टाकी. द्वारकाबाईंनी घरीदारी वीस बाळंतपणं केली होती, पण असा बाप कुठं पाहिला नव्हता. त्यांना मथीची आठवण आली, स्वतःची लाज वाटली, रडू आलं.

तशाच उठल्या, मथीच्या माहेरी गेल्या. दारातूनच म्हणाल्या, "मथे, मी चुकले. चल घरी."

"वाती सापडल्या?"

"सापडल्या."

"मग आणल्या का?"

"नाही गं. त्यांच्यावर लेकरं निजलीत."

मथी आत जाऊन बोचकं घेऊन आली.

श्रावणातला शेवटचा सोमवार आला, पिल्लं अजून उडाली नव्हती. तीन कमी लाख वाती महादेवापुढं मांडल्या. द्वारकाबाई म्हणाल्या, "देवा, तीन कमी आहेत, मागू नकोस." वाती लावल्या, गाभारा उजळला. पिंडीतून महादेव बोलले, "कमी कुठल्या? पहिल्या तीन मला वांग्यातच पोचल्या."

पुढच्या श्रावणात शिंपीण पुन्हा वाफ्यात आली, आणि मथीला मुलगी झाली. बाळीनं दुपटं भिजवलं. मथी उठू लागली, द्वारकाबाईंनी तिला बसवलं. "केशवा," म्हणाल्या, "सुपारी ठेव. दुपटं धू."

केशव म्हणाला, "मी?"

"आधी वांग्याच्या वाफ्यापाशी जा, तिथला बाप बघून ये, मग विचार."

केशव गेला. बघून आला. दुपटं उचललं आणि विहिरीची वाट धरली.

जशी शिंपीण द्वारकाबाईंना पावली, जसा केशव दुपट्याला लागला, तसे तुमचे आमचे घरधनी लागोत. ही लाखा वातींची कहाणी तीन वातींत सुफळ संपूर्ण.