रुमालाखालची मूठ

"गिअर निसटत नाही, तुझ्या नवऱ्याचा हात निसटतो!" भाऊसाहेब इंगवले टेबलावर थाप मारून म्हणाले.

समोर मंजुळा उभी होती, कडेवर सात महिन्यांची पोर. तिच्या नवऱ्याची, सोपानची, 'गजराज' पिकअप भर घाटात तिसऱ्या गिअरमधून सटकायची. काल सटकली ती थेट चार हात मागे आली. टोमॅटोचा चिखल झाला, सोपान थोडक्यात वाचला. आणि 'गजराज' विकणारे, दुरुस्त करणारे पंचक्रोशीत एकटे भाऊसाहेबच!

"भाऊसाहेब, ही खोड सगळ्याच गाड्यांना आहे."

"सगळ्या? अगं, चाळीस गाड्या विकल्या मी! एकाची तरी तक्रार आली?"

"कशी येईल? त्यांच्या गाड्या दुरुस्तीला तुमच्याच शेडमध्ये उभ्या राहतात ना! नावं ठेवली तर नंबर लागायचा पुढच्या वर्षी."

बोलून गेली आणि मनात म्हणाली, मेले!  

भाऊसाहेब लालबुंद झाले. "असं? उद्या माझ्याकडे मालकांचा मेळावा आहे. चाळीसही जण जेवायला येणार. परत गाडी घ्यायची झाली तर हीच घ्याल का, हे त्यांना विचारायचं. माझ्यासमोर! मी खुर्चीवर बसलेला असताना! निम्म्यांनी जरी 'नाही' म्हटलं, तर चाळीस गाड्यांचे गिअर फुकट बदलून देतो. नाहीतर सोपानच्या गाडीला माझ्या शेडचं दार कायमचं बंद!"

घरी सोपानने कपाळाला हात लावला. "अगं, त्यांच्यासमोर कोण तोंड उघडणार? मीसुद्धा नाही उघडणार!"

"तोंड उघडायचंच नाही," मंजुळा पोरीला थोपटत म्हणाली. खरं तर तिला तेव्हा काहीच सुचलं नव्हतं. सुचलं ते पोरीने तिचं बोट घट्ट मुठीत धरलं तेव्हा. ती उठली आणि माहेरहून आणलेली पेटी उघडून बसली.

दुसऱ्या दिवशी मांडवात जिलब्यांचा घमघमाट सुटला होता. भाऊसाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "मंडळी, परत गाडी घ्यायची झाली तर 'गजराज'च घेणार ना? हात वर करा!"

चाळीस हात वर. त्यात सोपानचाही!

"बघितलंस, मंजुळे? तुझा नवरासुद्धा!"

"बघितलं. आता माझी पाळी." तिने पिशवीतून मोठा लाल रुमाल काढला. तो पाहताच म्हातारे मालक गालात हसले. मंजुळाचे वडील बैलबाजारातले दलाल. बाजारात भाव तोंडाने ठरत नसे. घेणाऱ्याचा नि विकणाऱ्याचा हात रुमालाखाली जायचा, बोटं दाबली जायची आणि भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळायचा.

"परत हीच गाडी घेणार असाल तर रुमालाखाली एक बोट दाबा," मंजुळाने सांगितलं. "घेणार नसाल तर मूठ ठेवा."

"वा!" भाऊसाहेब उसळले. "हात तुझा, मग सांगशील ते खरं?"

"माझा कशाला? हात तुमचाच!"

"मग कोण काय म्हणालं ते मला कळेल की!"

"म्हणून तुमचे डोळे बांधायचे. पट्टी तुमच्यासाठी, रुमाल बाकीच्यांसाठी. बसलात त्या ओळीने कुणी यायचं नाही, बोलायचं नाही. आणि हो, अंगठ्या काढून या रे सगळे!"

मांडव खो खो हसला. आता माघार कशी घ्यायची? भाऊसाहेबांनी डोळे बांधून घेतले आणि हात रुमालाखाली सरकवला.

पहिला हात आला. बोट! भाऊसाहेब खूश. दुसरा. मूठ. तिसरा. मूठ. चौथ्याने तर अशी मूठ हाणली की भाऊसाहेब "अय्योय्यो!" करून ओरडले.

"हा कोण रे रेडा?"

"भाऊसाहेब, रुमालाखाली भाव विचारतात, नाव नाही!"

पुन्हा मूठ. मूठ. एक बोट. मूठ. एक हात चिकट लागला.

"हा जिलबी खाऊन आलाय!"

"मग मूठ आहे का बोट?"

"...मूठ," भाऊसाहेब पुटपुटले. "जिलबी माझीच खातो आणि मूठही मलाच देतो!"

चाळीस हात झाले. भाऊसाहेबांनी पट्टी सोडली.  कुणी पायाच्या अंगठ्याकडे बघतोय, कुणी आभाळाकडे. सोपान पाण्याच्या पिंपाआड.

"मुठी किती झाल्या?" मंजुळाने हळूच विचारलं. पोरीला तिने इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरायला लागली.

"बोटं नऊ," भाऊसाहेब म्हणाले. "बाकी सगळ्या मुठी." मग एकदम आवाज चढला. "म्हणजे मघाशी हात वर केले ते खोटे! माझ्या मांडवात बसून माझ्याशीच खोटं बोलता? मंजुळे, तूच सांग, यातले खोटारडे किती?"

मालक एकमेकांकडे बघू लागले. आता एकेकाला शेडमधून हाकलणार!

"एकही नाही, भाऊसाहेब," मंजुळा म्हणाली.

"एकही नाही? एकतीस जणांनी वर एक केलं, खाली एक!"

"बरोबरच केलं! वर केलेले हात तुमच्यासाठी होते. माणूस परत हाच हवा, म्हणाले. रुमालाखालचे हात गाडीसाठी होते. तुम्ही एकाच प्रश्नात दोघांना बसवलंत, म्हणून घोटाळा झाला!"

 भाऊसाहेबांचं पोट हलायला लागलं, मिशा हलायला लागल्या आणि ते असे गडगडाटी हसले की मंजुळाची पोर दचकून रडायची ती उलट खिदळायला लागली.

"माणूस हवा, गाडी नको! अरे, ऐकलंत का?" डोळे पुसत त्यांनी फिटरला हाक मारली. "चाळीस गिअरबॉक्स मागव! आणि मंजुळाबाई, पुढची नवी गाडी विकायला ठेवण्याआधी तुम्ही घाटात फिरवून बघायची. पगार माझा! तुम्ही मूठ दाखवलीत, की गाडी कंपनीला परत!"

"आणि बोट दाखवलं तर?"

"तर पहिली चावी सोपानच्या हातात. अर्ध्या किमतीत!"

पिंपाआडून सोपानचा हात सगळ्यात आधी वर आला.