भुईचाफ्याची हजेरी

विषय : मौजे आंबेघोळ येथील देवराईतल्या मठाच्या गादीवर वारस नेमणे.

संदर्भ : शिष्य विश्वंभर यांचा तोंडी अर्ज.

"मग माझ्यात कमी काय आहे, बाबा?"

धुंडीनाथबाबा सुपारी कातरत होते. कातरत राहिले.

कमी काय, असं विचारताना विश्वंभराने जास्त काय, याची यादी तयारच ठेवली होती. बारा वर्षं सेवा. वेदान्त मुखोद्गत. आवाज खणखणीत. शिवाय मठात दुसरा शिष्यच नव्हता, पण हे त्याने यादीत घेतलं नाही.

"गादीवर बसायचंय?" बाबांनी विचारलं.

"हक्क आहे माझा."

"आधी भुईवर तर बस."

"बसलोच आहे की. सकाळपासून."

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "हो… बसलायस खरा."

पलीकडे जुन्या समाध्या होत्या. इथे नाथांना बसवूनच पुरतात. मेल्यावरही आडवं होण्याची सवलत नाही. चैत्र लागला की त्यांच्यावर भुईचाफा उगवतो. पान नाही, फांदी नाही. कोरड्या मातीतून थेट पांढरं-जांभळं फूल. पान येतं मृगाच्या पावसावर, तेव्हा फूल उरलेलं नसतं.

गावात या फुलाला 'हजेरी' म्हणतात. ज्याचा प्रश्न राहून गेला, तो खालून हजेरी लावतो, अशी समजूत आहे. हजेरी खुडायची नाही. वाटेत आली तर वळसा घालून जायचं.

"संस्कृतात याला भूमिचंपक म्हणतात," विश्वंभर म्हणाला.

"त्याला ठाऊक आहे का?"

"थट्टा नको. फूल म्हणजे प्रश्न, पान म्हणजे उत्तर. इतकं मलाही कळतं. दोघांची गाठ कधी पडते, ते सांगा."

"पडली असती तर तू आला असतास?"

…

गुरवाची पारूबाई पेज घेऊन आली. एकच वाटी.

"मला नाही आणलीस, पारूबाई?" विश्वंभर म्हणाला.

तिने वाटी बाबांसमोर ठेवली. "कुणाशी बोलताय, बाबा?"

"त्याच्याशीच. चैत्र लागला ना."

पारूबाईची नजर विश्वंभराकडे वळली. त्याच्या तोंडाकडे नव्हे, खाली, मातीकडे. तिने पदर आवळला आणि तो बसला होता ती जागा चुकवून, लांबचा वळसा घालून निघून गेली.

"बायकांना हल्ली रीत राहिली नाही," विश्वंभर म्हणाला.

"तीच तर पाळून गेली." बाबांनी वाटी तोंडाला लावली. "ऊठ बघू जरा."

तो उठला.

तो बसला होता तिथे एक भुईचाफा पुरता उमललेला होता. एकही पाकळी चुरगळलेली नव्हती.

वाऱ्याने सगळी राई हलली. विश्वंभराचं धोतर हललं नाही.

"बाबा… हे किती वर्षं चाललंय?"

बाबा पेज प्यायले.

"निदान उत्तर तरी द्या. गादीचं काय?"

"मृगात ये," बाबा म्हणाले.

अर्ज यंदाही प्रलंबित आहे.