चिमणफुलाचा नवस

माळवंडीत पावसाळ्यात कोणाच्याही दारात जा, सडा-रांगोळीच्या अंगणात एका कडेला घोट्याएवढे रानगवत दिसेल, आणि त्यात करंगळीच्या नखाएवढी जांभळी फुले. त्यांना इथे चिमणफूल म्हणतात. पाहुणे गवताबद्दल विचारतात, तेव्हा गावातल्या वयस्क कोंडाआक्का त्यांना ही हकिगत सांगतात.

फार पूर्वी इथे तानूबाई म्हणून एक बाई होती. तिचे माहेर वरच्या माळावर. तिने माळजाईला नवस केला होता म्हणे, की माझ्या अंगणात उगवलेले चिमणफूल तुला वाहीन. फूल उगवून आणायचे काम तिने सुनेवर, भिवरावर टाकले.

"फूल येईल त्या दिवशी माहेरी जा. तोवर ती वाट धरायची नाही," तानूबाईने बजावले.

भिवरा कष्टाळू. तिने माळावरून बी आणले, राखेत घोळून पेरले, आणि सासूने सांगितल्याप्रमाणे वाफा रोज निंदून तळहातासारखा स्वच्छ ठेवला. रोपे दोन बोटे वर येत आणि पिवळी पडून मरत. तीन पावसाळे असेच गेले.

"मन माहेरी असलं की रोप कसं जीव धरेल?" तानूबाई म्हणे, आणि शेजारणी हसत.

चौथ्या वर्षी पेरणी झाली आणि सांगावा आला : आई अंथरुणाला खिळली आहे, एकदा तोंड दाखव. भिवराने सासूचे पाय धरले.

"पाय काय धरतेस? खुरपं धर."

त्याच आठवड्यात भिवरा तापाने पडली. पंधरा दिवसांनी उठून पाहते तो वाफा गवताने भरलेला, आणि त्यात सात फुले. गवताच्या मुळांना धरूनच ते रोप जगते, हे तिला तेव्हा उमगले.

"आत्याबाई, गवत काढायचंच नव्हतं."

"ठाऊक आहे मला. माळावरची आहे मी," तानूबाई म्हणाली. "देवी थांबते गं. तू गेली असतीस तर घरचं कुणी केलं असतं?"

भिवरा माहेरी पोहोचली तेव्हा आईचे तेरावे होऊन गेले होते.

ती परत आली. तिने कधी आवाज चढवला नाही. वर्षे गेली, घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या, तानूबाईने बाज धरली. मरण्याआधी माळावरचे आपले घर एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढेच ती मागू लागली. तिचे भाचे डोली घेऊन आले. भिवराने त्यांना गूळपाणी दिले.

"अंगणात फूल आलं की न्या," ती म्हणाली.

त्या पावसाळ्यात तिने पुन्हा बी पेरले. रोज सकाळी म्हातारीच्या बाजेसमोर बसून ती गवताची एकेक काडी उपटत असे. रोपे वर येत आणि पिवळी पडत. तानूबाई पाहत राही. भाद्रपदात ती गेली, असे सांगतात. भाचे डोली घेऊन पुन्हा आले नाहीत.

आजही माळवंडीत पावसाळ्यात सुनेचा हात अंगणातल्या गवताकडे गेला, तर सासू हातातले काम टाकून उठते आणि तो हात धरते.