जिना न चढणारी खुर्ची

बिल्डरची लिफ्ट कोसळली आणि कबड्डीची कोच कुंदा घोरपडे कमरेखाली लुळी पडली. तिने भरपाईचा दावा लावला, तेव्हा बिल्डरचे वकील गरजले, "आम्ही चाकाची खुर्ची दिलीय. बाई कुठंही फिरू शकतात. आता भरपाई कसली?"

पुढच्या तारखेला कुंदाच्या नावाचा पुकारा झाला. कोर्ट दुसऱ्या मजल्यावर. खाली आवारातून आवाज आला, "हजर आहे, साहेब! पण वकीलसाहेबांची खुर्ची जिना चढेना!"

वकील खिडकीतून खेकसले, "त्यात काय एवढं? चार माणसं उचलून आणतील!"

"आणू देत की! मग मी जगेन तोवर त्या चौघांचा पगार बिल्डरच्या नावे लिहा!"

न्यायाधीश कारकुनाला म्हणाले, "वकीलसाहेबांचं वाक्य जसंच्या तसं नोंदवा." आणि साक्ष घ्यायला स्वतः जिना उतरले.